उकरलेल्या मातीचं वय

सावरटाकळीची पांढर कुणीतरी येऊन नीट तपासावी म्हणून वैजनाथ गुरुजींनी निम्मं आयुष्य अर्ज करण्यात घालवलं होतं. गावाच्या उत्तरेला, सिंदफणेच्या काठावर हे टेकाड. भोवतालचं सगळं रान काळंभोर आणि मधेच ही राखेसारखी पांढुरकी माती. माणसं शतकानुशतकं एकाच जागी राहिली, घरं पडली, त्यांच्या मातीवर पुन्हा घरं उठली, की अशी टेकाडं तयार होतात. पाऊसकाळ सरला की गुरुजी तिथं फिरून खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, एखादा मणी वेचून आणायचे. शाळेत ते भूगोल शिकवत. पण जीव त्या टेकाडात अडकलेला.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी राज्यातल्या सगळ्या पांढरींची पाहणी करायचं काम निघालं. पुण्याच्या संशोधन संस्थेतून तनुजा भोईटे आपल्या यंत्राच्या पेट्या घेऊन गावात उतरली, तेव्हा गुरुजींनी तिला तालुक्याच्या लॉजवर जाऊच दिलं नाही.

“घरात एक खोली रिकामीच आहे, ताई. आमच्या सारिकाची.”

“सारिका कुठं असतात?” तनुजानं सहज विचारलं.

गुरुजी चष्मा पुसायला लागले. “गेली. वीस वर्षं होऊन गेली. एका मुलाबरोबर पळून गेली म्हणतात लोक. असेल कुठंतरी. सुखात असेल.”

स्वयंपाकघरात गुरुजींच्या पत्नी गयाबाई भाकरी थापत होत्या. तो आवाज थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. 

तनुजाचं यंत्र दिसायला साधंच होतं. ड्रोनखाली दोरीनं टांगलेली, लहान भोपळ्याएवढी पांढरी पेटी. गयाबाई त्याला पाखरू म्हणायच्या. सकाळचं ऊन तापायच्या आत ते पाखरू टेकाडावरून, नांगराचे तास घालावेत तसं, रेषेमागून रेष फिरायचं.

“हे जमिनीत बघतं म्हणजे नेमकं काय बघतं?” गुरुजींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“मातीच्या कणांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते.”

गुरुजींचा चेहरा वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा झाला. तनुजाला तेवढं पुरलं. तिनं एक ढेकूळ उचलून हातावर चुरलं.

आपल्याकडची माती काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली, ती सांगू लागली. तिच्यात लोहचुंबकाचे असंख्य कण असतात, डोळ्यांना न दिसणारे. एकेक कण म्हणजे होकायंत्राची इवलीशी सुई. जमीन उकरली की या सुयांची तोंडं दाही दिशांना होतात. खड्डा बुजवला, माती निवांत पडून राहिली, की त्या हळूहळू पुन्हा उत्तरेकडे वळायला लागतात. सगळ्यांत बारीक कण काही महिन्यांत वळतात. त्याहून मोठ्यांना वर्षं लागतात, आणखी मोठ्यांना शतकं. कोणत्या आकारापर्यंतचे कण वळलेत, हे कळलं की माती शेवटची केव्हा हलली ते सांगता येतं. पूर्वी प्रयोगशाळेत एका ढेकळासाठी आठवडा जायचा. ही नवी पेटी तेच काम उडता उडता करायची, पुरुषभर खोलीपर्यंतचं.

“म्हणजे मातीला वय असतं,” गुरुजी म्हणाले.

“उकरलेल्या मातीला असतं.”

पडद्यावर नकाशा उमटायचा. फार जुनं ते गडद निळं, मग हिरवं, पिवळं आणि अलीकडचं ते लाल. रोज थोडं थोडं गाव वर येत गेलं. आधी एक सरळ रस्ता, मग दोन्ही बाजूंना खोल्यांच्या भिंती, सांडपाण्याच्या विहिरींची गोल तोंडं, कुंभाराच्या भट्ट्या, आणि टेकाडाला वेढणारा तटाचा पाया. सगळं निळं. गुरुजी दुपारचं जेवण विसरून पडद्यासमोर बसायचे. एकदा तटाच्या दाराची जागा दिसली तेव्हा ते उठून थेट टेकाडावर गेले आणि बरोबर तिथं उभे राहून त्यांनी तनुजाला हात केला.

तो लाल ठिपका शेवटच्या आठवड्यात उमटला.

टेकाडाच्या पूर्व उतारावर, ओढ्याच्या बाजूला. तनुजानं आधी यंत्राची चूक समजून त्या भागावरून ड्रोन पुन्हा फिरवला. ठिपका तसाच राहिला. आडवा झोपलेला माणूस मावेल एवढी लांबी, रुंदी हातभराहून थोडी जास्त, छातीइतकी खोली. निळ्या जमिनींचे थर कापत तो सरळ खाली गेला होता. गुप्तधनासाठी टेकाडं उकरणारे लोक गोल, वेडेवाकडे खड्डे काढतात आणि तसेच टाकून जातात. हा कुणीतरी नीट बुजवला होता. वयाच्या रकान्यात आकडा होता बावीस.

ती ओसरीवर एकटीच होती. गयाबाई चहा घेऊन आल्या आणि तिच्या मागं उभ्या राहिल्या.

“ते लाल काय हाय, बाई?”

“अलीकडं कुणीतरी उकरलंय तिथं, काकू.”

“अलीकडं म्हंजी?”

“वीस-बावीस वर्षांपूर्वी.”

कपातला चहा बशीत सांडला. गयाबाईंनी तो पदरानं पुसला, पुसतच राहिल्या.

“ह्येला हाडं दिसत्यात का?”

“नाही. नुसती माती हललेली दिसते.”

“मग पुसून टाका की ते.”

त्यांनी वळून आत जाताना एकदाही मागं पाहिलं नाही.

तनुजानं पुण्याला कारखानीस सरांना फोन लावला. या पाहणीचे प्रमुख तेच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तीनशे वर्षांच्या आतलं सगळं गाळायचं, असं आपलं ठरलंय ना? गाळून टाक.”

“सर, तो माणसाच्या मापाचा खड्डा आहे.”

“असेल. तनुजा, आपण पोलीस नाही. हे यंत्र असलं काही दाखवतं हे एकदा बाहेर कळलं, की गावं आपल्याला वेशीच्या आत घेणार नाहीत. आणि नुसतं तेवढ्यावर भागेल असंही मला वाटत नाही.”

आणि त्यांनी फोन ठेवला. 

दुसऱ्या दिवशी गुरुजी पेन्शनच्या कामाला तालुक्याला गेले होते. गयाबाईंनी तिला हाताला धरून परसदारी नेलं. दोघी धुण्याच्या दगडावर बसल्या. शेजारच्या वाड्यात गुरुजींचा धाकटा भाऊ अंबादास राहायचा. गावात त्याचा दबदबा होता. तिकडचं दार बंद आहे हे गयाबाईंनी दोनदा पाहिलं आणि मग खालच्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

“प्रमोद त्याचं नाव. ओढ्यापल्याडच्या वस्तीतला. बँडमदी क्लॅरिनेट वाजवायचा. लई गोड वाजवायचा, बाई. सारिका आन त्यो जानार व्हते लगीन करायला. भावजींना कळलं. गुरुजी ट्रेनिंगला बाहेरगावी. म्या ओढ्याकडं पळत गेले तवर त्यो पोरगा निपचित पडला व्हता. सारिकेला गोठ्यात कोंडली व्हती.”

“अंबादासकाकांनी?”

“त्यांनी आन अजून दोघांनी. ते दोघं आता न्हाईत.” गयाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “म्या भावजींच्या पायावर डोकं ठेवलं. म्हनलं, पोरगी सोडा, म्या मरंपतुर तोंड उघडनार न्हाई. आपल्या मानसालाबी सांगनार न्हाई. सोडली त्यांनी. पहिल्या येष्टीत म्या तिला बसवून दिली. म्हनलं, कुठंबी जा, पर चिठ्ठी नको, फोन नको. तुजा आवाज आला की तुजा मागबी लागंल.”

“आणि गुरुजींना तुम्ही कधीच सांगितलं नाही?”

“सांगितलं असतं तर ते गप बसले असते व्हय? सरळ ठाण्यात गेले असते. मग भावजींनी तिला हुडकून काढली असती. आता भावजी म्हातारे झाले, पर त्यांची दोन पोरं हायत. त्यो खड्डा उघडला की माजा शब्द मोडला. माज्या लेकीचं काय, बाई?”

 तनुजानं वेगळंच विचारलं. “त्या मुलाची आई?”

“कौसा. हाय की. पल्याडच राहती.” गयाबाई हातातल्या पदराच्या टोकाकडं बघत राहिल्या. “तुज्या पोरानं आमची पोरगी पळवली म्हनून गावानं तिला धड जगू दिलं न्हाई. मला बघितलं की रस्ता बदलती. म्याबी बदलते.”

त्या दुपारी तनुजा खूप वेळ पडद्यासमोर बसून राहिली. एकीकडं जमिनीत पडलेला एक मुलगा आणि त्याची वाट बघणारी बाई, दुसरीकडं कुठल्यातरी शहरात संसार करत असलेली सारिका. मेलेल्याला थांबायला हरकत नसते, असं तिनं स्वतःला समजावलं. गाळणी लावली. ठिपका गेला.

गुरुजींना अंतिम नकाशा हवा होता. त्यांना तो फ्रेम करून ओसरीवर लावायचा होता. तिनं तो त्यांच्यासमोर पसरला. त्यांनी तटावरून बोट फिरवलं, रस्त्यावरून फिरवलं आणि पूर्व उतारावर ते थांबलं.

“इथं रंगच नाही?”

गाळणीनं लाल काढलं होतं, पण त्याजागी दुसरं काही ठेवलं नव्हतं. निळ्या भिंतींच्या मधे पांढरी, कोरी जागा. लांबट. गुरुजींनी टेकाडाची वीत न् वीत पायाखाली घातली होती; त्यांच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं.

“इथलं काय काढलंत, ताई?”

तनुजा नकाशाची दुमडलेली कड सरळ करायला लागली.

“अलीकडचं काहीतरी होतं,” गुरुजीच म्हणाले. “किती वर्षांपूर्वीचं?”

“बावीस.”

ते नकाशावरून बोट न उचलता उभे राहिले. आवाज इतका हळू निघाला की तिला पुढं वाकून ऐकावं लागलं. “माझी सारिका आहे का तिथं?”

“नाही,” ती पटकन म्हणाली. “सारिका नाही, गुरुजी. नक्की नाही.”

म्हणजे तिला माहीत होतं कोण आहे ते. बोलून गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं, आणि गुरुजींच्याही. त्यांनी वळून दाराकडं पाहिलं. गयाबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या.

त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, उभ्या उभ्याच.  शेवटी गुरुजी एवढंच म्हणाले, “मी रोज म्हणायचो, एक पत्र तरी टाकायला काय झालं पोरीला. तू ऐकत होतीस.”

“व्हय. ऐकत व्हते.”

“एकदाही वाटलं नाही?”

“रोज वाटलं,” गयाबाई म्हणाल्या. “पर ती जिती ऱ्हायला पायजे व्हती. तुमाला समाधान नसलं तरी चाललं असतं.”

गुरुजींनी खुंटीवरची टोपी घेतली. तनुजाला वाटलं, ते शेजारी भावाकडं निघाले. पण ते दुसऱ्या बाजूला वळले. “आधी कौसाबाईला सांगायला हवं,” ते म्हणाले आणि ओढ्याच्या वाटेला लागले. गयाबाईंनी त्यांना हाक मारली नाही. त्या उंबऱ्यावर खाली बसल्या.

दोन दिवसांनी पंचांसमोर खड्डा उघडला. तनुजानं दाखवलेल्या जागेत फावडं सहज गेलं. छातीइतक्या खोलीवर हाडं लागली. हाडांशेजारी क्लॅरिनेटच्या पितळी चाव्या होत्या. लाकूड कुजून गेलं होतं. कौसाबाई काठावर बसून होती. तिनं एक चावी मागून घेतली, मुठीत धरली आणि कुणाकडं न बघता म्हणाली, “पळून गेला म्हनायचे माज्या लेकराला.”

गुरुजी तिच्या बाजूला उभे होते. त्यांच्या मनावरचं ओझं क्षणभर उतरलं होतं, कारण तिथं सारिका नव्हती. आणि त्या बाईशेजारी उभं राहून तसं वाटल्याची त्यांना इतकी लाज वाटली की ते तिथून दूर जाऊन बाभळीखाली बसले. तनुजा त्यांच्याजवळ गेली.

“अंबादासला नेलंय ठाण्यात,” ते म्हणाले. “मी विचारलं त्याला, सारिका कुठंय? म्हणाला, तुझ्या बायकोनं बसवली ना येष्टीत, तिलाच विचार. आणि हसला, ताई.”

 ते उठले आणि म्हणाले, “आमच्या सगळ्या जमिनीवरून ते पाखरू फिरवा. अंबादासच्या वाट्याच्या पण.”

पण टेकाड सरकारी होतं आणि शेत खासगी. त्यासाठी न्यायालयाचा आदेश हवा होता. तनुजा पुण्याला परतली आणि आदेशाची वाट बघू लागली.

तोवर बातमी सगळीकडं गेली होती. उकरलेल्या मातीचं वय सांगणारं यंत्र. संस्थेत फोन यायला लागले. कुणाचा भाऊ हरवलेला, कुणाची सून माहेरी जाते म्हणून निघून तिथं पोचलीच नव्हती. लोक फाटकाशी फोटो घेऊन उभे राहायचे आणि वॉचमन त्यांना पाणी द्यायचा. तनुजाला वाटलं, आपण घाबरलो ते उगाच. हे यंत्र कुणाच्या तरी उपयोगी पडतंय.

मग कारखानीस सरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर राज्याचा नकाशा होता.

“हे उपग्रहाचं रडार,” ते म्हणाले. “आपल्या पेटीसारखं ते खोल बघत नाही. पण एकाच जागेवरून ते पुन्हा पुन्हा जातं. मागच्या फेरीत जमीन जशी होती तशी या फेरीत नसेल, वरची माती हलली असेल, तर त्याला कळतं. भूस्खलनासाठी वापरतो आपण. हा बातमीच्या आधीचा महिना.”

नकाशावर इथंतिथं ठिपके होते. रस्त्यांची कामं, खाणी, धरणांचे कालवे.

“आणि हा नंतरचा.”

तनुजा खुर्चीतून उठली. ठिपके पुरळ उठावं तसे उठले होते. शेतांच्या कोपऱ्यांत, ओढ्यांच्या काठांना, घरांच्या मागं. एका शाळेच्या मैदानात. एका मठाच्या बागेत. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात तर ओळच्या ओळ.

“यातली बरीचशी खरीच शेततळी असतील,” ती म्हणाली. “उन्हाळा आहे. लोक आता शेततळी काढतातच.”

“हो. बरीचशी. बाकीचे मातीचं वय पुसतायत.” सरांनी नकाशा मोठा केला. “या बघ आपल्या पांढरी. पाहणी व्हायच्या राहिलेल्या. या तिन्हींवर पोकलेन फिरलाय. ही चौथी तर उरलीच नाही. तिथं कुणाचं काय होतं मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल, नुसती भीती असेल. पण हजार-दोन हजार वर्षं जी माती हलली नव्हती ती एका दुपारी हलली.” त्यांनी पडदा बंद केला आणि अंधारलेल्या काचेकडं बघत राहिले. “तेवढ्यावर भागणार नाही असं मी म्हणालो होतो, पण हे मला सुचलं नव्हतं.”

आपल्या टेबलाशी परत आल्यावर तनुजाला अंबादासचं शेत आठवलं. ते टेकाडाच्या अगदी लगत होतं. ड्रोन रेषेच्या टोकाला पोचला की जागच्या जागी वळत नाही. थोडा पुढं जातो, वळसा घेतो आणि मग पुढची रेष धरतो. त्या वळशातली मोजणी हद्दीबाहेरची म्हणून आपोआप कापली जाते. कापली जाते, पण पुसली जात नाही. तिनं मूळ फाइल काढली आणि पूर्वेकडचे सगळे वळसे एकमेकांना जोडले.

शेताच्या बांधालगत एक लाल ठिपका होता. निम्माच, उरलेला निम्मा वळशाच्या बाहेर होता. पण रुंदी तीच होती, कडा तशाच नीट बुजवलेल्या. वय तेच. पहिल्या ठिपक्याच्या आणि याच्या वयात यंत्राला फरक काढता येत नव्हता.

अर्धा ठिपका म्हणजे काहीही असू शकतं, तिनं स्वतःला बजावलं. विजेचा खांब काढला असेल. गुरं पुरतात लोक. आदेश आला की पूर्ण शेतावरून ड्रोन फिरवून खात्री करू, मगच बोलू.

आदेश आला त्या सकाळीच ती निघाली. सावरटाकळीच्या फाट्यावर तिला मातीनं भरलेले टिप्पर समोरून येताना दिसले. एकामागून एक, नव्या रस्त्याच्या भरावाकडं चाललेले. काहींतली माती काळी होती. काहींतली पांढुरकी.

अंबादासच्या शेतात आता शेत नव्हतं. तिथं तळ्याचा प्रचंड खड्डा होता आणि तो बांध ओलांडून टेकाडाच्या पोटात शिरला होता. पूर्वेचा सगळा उतार कापला गेला होता. कापलेल्या भिंतीत जुन्या जमिनींचे पट्टे, राख, खापरं उघडी पडली होती. पोकलेन अजून चालूच होता. अंबादासचा थोरला मुलगा काठावर खुर्ची टाकून बसला होता.

“या मॅडम,” तो म्हणाला. “शेततळं काढलंय. मंजुरी आहे रीतसर. उडवा तुमचं काय उडवायचं ते.”

गुरुजी पलीकडं उभे होते. पाय मातीनं भरलेले. काल त्यांना जबाबासाठी दिवसभर तालुक्याला बसवून ठेवलं होतं, परवाही. बांधाकडचं काम तेवढ्यात उरकलं होतं.

तनुजानं ड्रोन उडवला. तिचे हात ते काम आपोआप करत होते. पडद्यावर पहिली रेष उमटली, मग दुसरी, तिसरी. लाल, लाल, लाल. शेत लाल. बांध होता ती जागा लाल. टेकाडाचा अर्धा भाग, रस्ता, भट्ट्या, तटाचं दार, सगळं एकसारखं, कालच्या वयाचं. गुरुजी शेजारी येऊन बघत होते. त्यांनी निळा रंग शोधत पडद्यावर बोट फिरवलं. मग हात मागं घेतला.

परत आल्यावर तिघं ओसरीवर बसली. गयाबाईंनी चहा केला होता, आणि आज त्यांचा हात स्थिर होता. त्यांनी पडद्यावरच्या लाल रंगाकडं बराच वेळ पाहिलं.

“ह्यातून काय समजायचं, बाई?”

“सगळी माती हललीय, काकू. यंत्राला आता काही सांगता येत नाही.”

“म्हंजी काहीच कळत न्हाई?”

“या नकाशातून नाही.”

“तिथं काही सापडलं न्हाई.”

“नाही.”

गयाबाईंनी मोठा श्वास सोडला. त्यांचा चेहरा सैल झाला, इतका की त्या एकदम वेगळ्याच बाई वाटायला लागल्या. “मग हाय ती,” त्या म्हणाल्या. “कुठंतरी हाय. म्या बसवली व्हती की येष्टीत.”

तनुजानं लॅपटॉप मिटला. जरा घाईनंच मिटला.

ती जीपकडं निघाली तेव्हा गुरुजी पोचवायला आले. लिंबाच्या सावलीत जीप उभी होती. त्यांनी दार उघडू दिलं नाही.

“दाखवा, ताई.”

“काय, गुरुजी?”

“एकदा तुम्ही माझ्यासमोर कोरी जागा ठेवली होती. आता पुन्हा ठेवू नका.”

तिनं जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला आणि ती फाइल उघडली. वळसे, बांध, निम्मा ठिपका. काही समजावून सांगावं लागलं नाही. गुरुजींनी वयाचा आकडा वाचला. रुंदी वाचली. मग त्यांनी जीपच्या आरशाला धरलं.

“येष्टी पहिल्या फाट्यावर थांबते,” ते म्हणाले. “ओढ्यातून मोटरसायकलनं आलं तर माणूस येष्टीच्या आधी पोचतो. तिथंच उतरवून घेतली असेल तिला. गया घरी पोचायच्या आत.”

“हे नक्की नाही, गुरुजी. अर्धाच आहे तो. खड्डा कशाचाही असू शकतो.”

“कशाचाही असता तर त्यांनी टेकाड कापलं असतं?”

रस्त्यावरून आणखी एक टिप्पर गेला. गुरुजी तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले, आणि मग तनुजाला कळलं की ते काय बघत होते. ती माती आता मैलभर रस्त्याखाली पसरली होती. आज संध्याकाळी तिच्यावर रोलर फिरणार होता.

“हे पोलिसांना द्या,” ते म्हणाले. “आजच द्या. भरावाचं काम थांबवायला सांगा. थांबवतील की नाही, देवाला माहीत. पण द्या.”

“मग काकूंना कळेल. आज ना उद्या पेपरात येईल.”

“येईल.” त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. “तोवर मी आहे.”

तनुजानं जीप सुरू केली. खिडकी उघडीच होती. गुरुजी अंगण ओलांडून गेले आणि पायरीवर गयाबाईंच्या शेजारी बसले.

“काय म्हनत व्हत्या बाई, इतका येळ?” गयाबाईंनी विचारलं.

“काही नाही. गाडीचं काहीतरी दाखवत होत्या.”

“कामून तोंड उतरलंय मग?”

“ऊन लागलं.”

गयाबाईंनी पदरानं त्यांना वारा घालायला सुरुवात केली. रस्त्याकडं बघत त्या म्हणाल्या, “तिला पोरं झाली असतील आता. थोरलं कालेजात असंल, न्हाई का?”

तनुजानं गिअर टाकला नाही. गुरुजी उत्तर देईपर्यंत तिला निघवेना.

“हो,” गुरुजी म्हणाले. “कॉलेजात असेल.”